नांदायचा परवाना

“आधी पट्टी घ्यायची, मग नवऱ्याला प्रश्न विचारायचे. उलटं केलंत तर पैसे न भरताच घरी जातात लोक.”

पडद्याआड अंमलदार विसाजीपंत नव्या कारकुनाला काम शिकवत होते. पडद्याच्या अलीकडं बसलेल्या गजरानं ते ऐकलं. पण तिचे पैसे केव्हाच गल्ल्यात पडले होते, तेही लग्नातल्या पाटल्या मोडून आणलेले.

गजरा नदीपलीकडची. तिचा नवरा तुळोजी कोळगडच्या राजाच्या पागेत खोगिरं शिवायचा. परमुलखातल्या नवरीला कोळगडात नांदायचं तर परवाना लागे. अर्जाची पट्टी वेगळी, वैद्यानं नाडी बघायची वेगळी, अर्ज लवकर बघायला हवा असेल तर घाईची वेगळी. एवढे पैसे मोजताना कारकुनाची बोटं दुखतात, म्हणून त्याचीही एक! अर्ज परत आला तरी पैसे परत येत नसत.

शेवटची परीक्षा दरबारात व्हायची. कोळगडच्या गोड पाण्यासाठी लोक खोटी लग्नं लावून गावात घुसतात, असं नागोजीराजाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. नातेवाईक खोटं बोलतात म्हणून साक्षीदार चालत नसत. मंगळसूत्र बाजारात मिळतं म्हणून तेही चालत नसे.

गजराच्या आधी एका अत्तरवाल्याचं जोडपं उभं होतं. दोघांनी पाढे म्हणावेत तशी उत्तरं दिली. तो दुधात गूळ किती घालतो, ती कुठल्या कुशीवर झोपते, सगळं तोंडपाठ. राजानं खूश होऊन लगेच शिक्का मारायला सांगितला.

मग तुळोजीला पुढं बोलावलं.

“लग्नात बायकोचं लुगडं कुठल्या रंगाचं होतं?”

तुळोजीनं डोकं खाजवलं, जमिनीकडं बघितलं, मग म्हणाला, “नवं होतं.”

“तिला खायला काय आवडतं?”

“मी आणतो ते.”

सासूचं नाव विचारलं, तर आपण त्यांना सासूबाईच म्हणतो, असं त्यानं सांगितलं. शेवटी वैतागून राजानं आपल्या घोड्याच्या खोगिराचं माप विचारलं. ते मात्र त्यानं घडाघडा सांगितलं.

“नामंजूर,” राजा म्हणाला. “ह्यानं हिला आजच पाहिलेलं दिसतंय. पैसे खजिन्यात जमा करा, बाईला नदीपार सोडा.”

तुळोजीचा चेहरा पार उतरला. गजरा पुढं आली आणि हा माझाच नवरा आहे, एवढंच म्हणाली.

राजा हसला. “साक्षीदाराशिवाय, कागदाशिवाय, आणि ह्या गड्याला आणखी एकही प्रश्न न विचारता ते सिद्ध कर. केलंस तर सगळी पट्टी परत.”

“खोटा नवरा असता तर उत्तरं पाठ करून आला असता, महाराज. मघाचा अत्तरवाला आला होता तसा. बायकोच्या लुगड्याचा रंग कुठल्या खऱ्या नवऱ्याच्या ध्यानात राहतो? ह्यांना नको, मी आपल्यालाच विचारते. लग्नात राणीसाहेबांचा शालू कुठल्या रंगाचा होता?”

चिकाच्या पडद्यामागं राणीसाहेबांच्या बांगड्या वाजत होत्या, त्या एकदम थांबल्या. आपल्याला कुणी विचारू नये म्हणून दरबारातला झाडून सगळा पुरुषवर्ग छताकडं बघायला लागला.

राजानं मिशीवरून हात फिरवला. घसा खाकरला. पडद्याकडं बघायचं धाडस त्याला झालं नाही.

“नवा होता,” राजा म्हणाला.

पडद्यामागून आधी हसू फुटलं, मग राजाच एवढा हसला की त्याची पगडी मांडीवर आली. त्यानं गजराची पट्टी परत करायला लावली आणि वर खजिन्यातून सोन्याच्या पाटल्या दिल्या. अत्तरवाल्याला परत बोलवायला शिपाई धावले, पण ते जोडपं वेशीबाहेर गेलं होतं, तेही दोघं दोन दिशांना.

विसाजीपंत मात्र काळजीत पडले. उत्तरं चुकली तर लग्न खरं, मग आता पारख करायची कशी, असं त्यांनी गजरालाच विचारलं.

“सोपं आहे, पंत,” गजरा म्हणाली. “पट्टीचा आकडा नुसता सांगायचा, पैसे घ्यायचे नाहीत. तो ऐकून ‘एवढे? ह्यांच्यासाठी?’ असं म्हणत जी बाई नवऱ्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघेल, तिला परवाना देऊन टाका.”