गप्प केलेली गाडी

“महाराज, गाडी गप्प केली... मग आप्पा का गप्प झाले?”

भरतेशनं हे विचारलं तेव्हा महाराज ओसरीत पाटावर बसले होते. मी त्यांच्या कमंडलूत उकळून निववलेलं पाणी भरत होतो.

चातुर्मास चालू होता. आमच्याकडं जैन मंदिराला बस्ती म्हणतात. त्या वर्षी मुनिमहाराज आमच्या गावच्या बस्तीत मुक्कामाला थांबले, हे आमचं भाग्य; त्यांची सेवा माझ्याकडं होती. त्यांचा आहार झाला की दुपारी माणसं येऊन बसायची. कुणी मोक्षाचं विचारी, कुणी सुनेचं. मोटारीचं विचारणारा हा पहिलाच.

महाराज जन्मात मोटारीत बसलेले नाहीत असं नाही, पण दीक्षा घेतल्यापासून पायीच चालतात. तरी ते हसले नाहीत.

“कुठाय गाडी?”

भरतेशनं बाहेर बोट केलं. पिंपळाखाली लाल गाडी उभी होती. उभी कसली, जमिनीला पोट टेकून पसरलेली.

अंगणात शेजारची आक्काताई बस्तीचे तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “भरत्या, हिच्यात बसायचं का निजायचं रं?”

“बसायचं, आक्काताई. पण बाहेर पडताना कुणीतरी ओढावं लागतं.”

सगळे हसले. महाराजही.

भरतेश आमच्याच गावच्या मगदुमांचा. इचलकरंजीला त्याचं वर्कशॉप आहे. शर्यतीतल्यासारख्या पळणाऱ्या गाड्या आतून शांत करून देतो. हाताला गुण आहे पोराच्या, आणि ते त्याला ठाऊकही आहे.

“पुण्यामुंबईची माणसं माझ्या दारात गाडी आणून उभी करतात, महाराज. आवाज मारावा तर मीच.”

“मारतोस?”

भरतेशनं जीभ चावली. “कमी करतो, महाराज.”

“कसा करतोस?”

वाटलं नव्हतं, पण महाराजांनी खरंच विचारलं होतं. भरतेश पुढं सरकला.

“ह्या गाडीचे टायर रुंद असतात आणि उंचीला अगदी बारीक. खडी, खाच, सगळं जसंच्या तसं आत येतं. गाडी हलकी पाहिजे म्हणून पत्राही पातळ. शंभरच्या पुढं गेलं की आत गिरणीत बसल्यागत वाटतं. मग मी सीटा काढतो, कार्पेट काढतो, आणि बोटानं पत्रा ठोकत जातो. ढोलासारखा बोलला की तिथं डांबरी शीट चिकटवायची, रोलरनं दाबायची.”

“सगळीकडं?”

“छे! सगळीकडं चिकटवतो तो अडाणी. वजन वाढतं, गाडीचं पळणं जातं. बोलेल तिथंच लावायची. वर फोम. चाकाच्या कमानीला जाड लेप. दाराला नवं रबर. आणि मऊ टायर. निम्मा आवाज टायरचाच असतो.”

“इंजिनाचा?”

“तो ठेवायचा, महाराज. लोक त्याच्यासाठीच ही गाडी घेतात. इंजिन ऐकू यावं, रस्ता येऊ नये.”

“म्हणजे काय ऐकायचं ते तू ठरवतोस.”

“...हो की.”

हे म्हणताना तो खूश होता.

महाराजांनी कमंडलू जवळ ओढलं. “आता आप्पांचं सांग.”

भरतेशचा चेहरा उतरला.

आप्पा म्हणजे भरतेशचे वडील, नेमगोंडा मगदूम. तरुणपणापासून बस्तीत अभिषेकाची पदं त्यांनीच म्हटली. त्यांचा आवाज लागला की वेशीजवळच्या माणसाला कळायचं, अभिषेक सुरू झाला. गेल्या वर्षी घशातली गाठ काढली. जीव वाचला, त्याबद्दल घरातल्यांनी देवाचे पाय धरले. आवाज मात्र गेला तो गेलाच. उरली ती नुसती खरखर, वाळकं पान चुरगाळल्यासारखी.

तेव्हापासून आप्पा खुणेनं बोलतात. आणि हात जोडतात. डॉक्टरांना, नर्सबाईंना, पाणी आणून देणाऱ्या सुनेला, दारात आलेल्या कुणालाही.

“डॉक्टर म्हणतात, आवाज वापरा. रोज वापरा. नाही वापरला तर उरलाय तोही जाईल,” भरतेश म्हणाला. “घरात सगळ्यांनी सांगून बघितलं. हात जोडतात आणि मान हलवतात. शब्द नाही.”

“मग?”

“मग तपासायला मिरजेला न्यायला लागलो. ह्याच गाडीतून. आणि महाराज... गाडीत त्यांचे ओठ हलायचे. गावाबाहेर पडून वेग घेतला की हलायला लागायचे, ते मिरज येईपर्यंत. मला वाटलं, आप्पा बोलतायत! माझ्याशी बोलतायत! पण त्या आवाजात मला एक अक्षर ऐकू येईना.”

“गाडी हळू केली नाहीस?”

“केली. हळू केली की थांबायचे. मला वाटलं, त्यांना वाटत असेल पोचलो.”

आक्काताईचा हात सुपात थांबला होता.

“म्हणून मी गिऱ्हाइकांच्या गाड्या बाजूला ठेवल्या. माझी गाडी उघडली. इतकं मन लावून काम मी कुणाचं केलं नाही, महाराज. आता त्या गाडीत घड्याळ ऐकू येतं. परवा आप्पांना घेऊन मिरजेला गेलो. काच वर, रस्ता गप्प. मी म्हटलं, आप्पा, बोला आता. मी ऐकतो.”

तो हातातली किल्ली फिरवू लागला.

“जाताना नाही. येतानाही नाही. ओठ मिटलेले. माझ्याकडं बघून हात जोडले फक्त... महाराज, असंच राहिलं तर त्यांचा आवाज मी पुन्हा कधी ऐकणार?”

महाराजांनी पिंपळाखालच्या गाडीकडं बघितलं.

“ते बोलायचे तेव्हा तुझ्याकडं बघून बोलायचे?”

भरतेशनं आठवून बघितलं.

“नाही... समोर. काचेतून पुढं.”

“आता कुठं आहेत?”

“आत. देवापुढं बसलेत.”

महाराज उठले. मोरपिसांची पिंछी हातात घेतली आणि ओसरीच्या कडेच्या जाळीच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथून गाभाऱ्यापुढचा मंडप दिसतो. भरतेशला त्यांनी शेजारी बोलावलं.

मग माझ्याकडं वळले. “घंटा वाजवा.”

“आत्ता, महाराज?”

“थांबू नका.”

मी आत गेलो आणि घंटेची दोरी धरली. आमची घंटा जुनी, भरघोस. वाजवायला लागलो तसा मंडप भरून गेला. एका नादावर दुसरा नाद चढू लागला.

बाहेरून आक्काताई ओरडली, “अवो काका, आग लागली का काय? घंटा फुटंल की!”

मी वाजवत राहिलो. आप्पा खांबाला टेकून बसले होते, गळ्याभोवती उपरणं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, हात जोडले, आणि डोळे मिटले.

थोडा वेळ गेला...

त्यांचे ओठ हलले.

जाळीपलीकडं भरतेशनं दोन्ही हातांनी खिडकीचा दगड धरला.

महाराजांनी पिंछी वर केली. मी दोरी सोडली. नाद विरत विरत गेला, आणि तो पुरता विरायच्या आधी आप्पांचे ओठ मिटले.

महाराजांनी पिंछी खाली केली. मी पुन्हा वाजवू लागलो.

ओठ पुन्हा हलू लागले. या वेळी मी त्यांच्याकडं नीट बघत होतो. त्यांचा उजवा हात मांडीवर पडत होता. एक, आणि थांबून एक. मान किंचित डावीकडं कलायची. एका जागी भुवया वर गेल्या.

ती जागा मला ठाऊक होती. कलश ओतताना पद तिथं वर चढतं. किती सकाळी मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं, आणि ऐकायला मिळालं म्हणून मनात हात जोडले.

आप्पा बोलत नव्हते. आप्पा गात होते.

भरतेशलाही कळलं असावं. कारण जाळीतून त्याचं हसणं आलं, आणि ते हसणं मध्येच फुटलं.

मी घंटा थांबवून बाहेर आलो. भरतेश ओसरीत खाली बसला होता. उपरण्यासारखं काही जवळ नव्हतं, म्हणून शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होता.

“मिरजेपर्यंत गायचे, महाराज. प्रत्येक वेळी. माझ्या शेजारी बसून. आपली खरखर कुणाला ऐकू येऊ नये म्हणून, टायरांच्या आवाजाआड.”

“हं.”

“आणि मी त्या टायरांना शिव्या घालत होतो हो...”

त्यानं महाराजांना नमोस्तु केलं. मग मला वाकून नमस्कार केला. मग काय सुचलं कुणास ठाऊक, आक्काताईच्याही पाया पडला.

“अरं, मी काय केलं?” ती म्हणाली. पण तिनंही डोळ्याला पदर लावला होता.

भरतेश उठला. हातातली किल्ली घट्ट धरलेली.

“आजच सगळं काढतो. शीट उपटतो, फोम फेकतो. जुने टायर अजून मागं पडलेत, तेच चढवतो. होती तशी करतो गाडी.”

महाराजांनी मान हलवली. नको.

“मग?”

“तू म्हण.”

“मी? काय म्हणू?”

“गाडीत. आप्पांचं पद.”

भरतेश गोंधळला. आमच्याकडं बघू लागला, कुणी सोडवतं का म्हणून.

“महाराज, मला... मला सूर नाही. आप्पांचा आवाज माझ्यात उतरलाच नाही. लहानपणी त्यांनी बस्तीत शेजारी बसवलं होतं, तर लोक अभिषेक सोडून माझ्याकडं बघायला लागले.”

“खरं हाय, महाराज,” आक्काताई म्हणाली. “म्हस बरी.”

“शब्दही धड येत नाहीत. कडवी इकडची तिकडं होतात.”

आतून आप्पा मंडपाच्या दारात आले होते. मुलाला बघून त्यांनी हात जोडले.

भरतेशनं आवाज एकदम खाली आणला. “ते शेजारी असताना मी गायचं म्हणजे... फार वाईट होईल, महाराज. अगदी बेसूर.”

महाराजांनी कमंडलू उचललं.

“मग मोठ्यानं म्हण.”