पाचवं मॉड्यूल

“...पण या चौघांचा गुन्हा काय?” तारळेकर बाईंनी विचारलं.

“खोटं बोलतात, बाई.” ओजसने बिस्किटाएवढी चार मॉड्यूल पुढे सरकवली. “तपासणीच्या पेटीत मिट्ट काळोख. टिपायला कण नाही की उजेड नाही. तरी यांच्या कोपऱ्यातले पिक्सेल ‘दिसलं, दिसलं’ म्हणून ओरडतात!”

प्रोटॉनांच्या टकरीतून उडणारे कण टिपणाऱ्या यंत्रासाठी ही नवी, सुधारलेली मॉड्यूल होती. एकदा आत बसली की दहा वर्षं त्यांना हात लावता येणार नव्हता. म्हणून तपासणी कडक, आणि ओजस तिच्याहून कडक. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी माणसाला दुसऱ्याचे दोष फार स्वच्छ दिसतात.

“आणि हे पाचवं?”

“रत्न आहे, बाई! काल साडेचारला याच पेटीत होतं. हूं नाही की चूं नाही. आज पाठवतोय, यादीत पहिलं.”

बाई पुन्हा त्या चौघांकडे वळल्या.

“ही चौघं कधी ओरडली?”

“तीही काल, चारनंतरच. आज सकाळी पुन्हा लावली, तर चिडीचूप.”

“वेळ पाळून खोटं बोलतात?”

ओजस हसला. मग हसायचा थांबला. घड्याळात सव्वाचार झाले होते. त्याने चौघांतलं एक पेटीत ठेवलं, झाकण लावलं, वीज जोडली.

संगणकाच्या पडद्यावर, कोपऱ्यात लाल ठिपके उमटले.

बाई उठून पेटीच्या मागे गेल्या. तारा आत जायच्या भोकापाशी पश्चिमेच्या खिडकीतली तिरीप पडली होती. त्यांनी तिथे नुसता तळवा धरला.

ठिपके विझले.

तळवा काढला. ठिपके आले.

“मी बघू?” ओजसने स्वतःचा हात धरला, काढला, पुन्हा धरला. “फट आहे, बाई! ऊन आत येतंय... ही खरंच बघत होती!”

त्याला लाज वाटली, पण लाजेपेक्षा मजा जास्त वाटली. ‘बाद’ लिहिलेल्या चारही चिठ्ठ्या त्याने सोलून काढल्या.

“वाचली बिचारी. यांनाही यादीत घालतो.”

“घाल.”

बाईंनी पाचवं मॉड्यूल डबीसकट उचललं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

“ऊन तर याच्यावरही पडलं होतं ना रे?”