बक्षूबाबांची सुई

"ह्यातलं घरी काय काय ठेवू, बाबा?"

भरतेशनं पंचा अंथरून त्यावर हत्यारं मांडली होती. लांब तोंडाची पक्कड, तिरप्या पात्याचा कटर, टोकांना चिनीमाती बसवलेला चिमटा, मल्टीमीटर, कॅलिपर, हातानं फिरवायचं ड्रिल. शिवाय एका पेटीत मखमलीवर निजवलेल्या बारा सळया, एक मिलिमीटरपासून बारा मिलिमीटरपर्यंत. लग्नातलं रुखवतही इतक्या हौसेनं कुणी मांडत नाही.

बक्षूबाबांनी एकेक वस्तू उचलून पाहिली. चिमटा जरा जास्तच वेळ हातात ठेवला.

"झकास हाय," ते म्हणाले आणि त्यांनी तो नाइलाजानं खाली ठेवला.

"पण ठेवू काय?"

"घरात जागा किती हाय?"

"आईनं शिलाई मशीन सरकवून कोपरा दिलाय. फळी पण ठोकली."

"मग समदंच ठेव की. फळीला काय जड हुतंय व्हय?"

भरतेशला हे उत्तर आवडलं नाही. गुरूनं दोन वस्तू बाजूला काढाव्यात, एखादी नाकारावी, तेव्हा कुठं विचारल्याचं समाधान होतं.

नदीकाठच्या चिंचेखाली बक्षूबाबांचा तकिया, म्हणजे फकिराचं ठाणं. तरुणपणी ते सांगलीत हीटरच्या कारखान्यात होते. पुढं फकिरी घेतली, पण हात काही गप्प बसेनात. विजेच्या शेगड्यांच्या जळलेल्या कॉइली ते नव्यानं वळून देऊ लागले. वळायचे कशावर, तर स्वेटर विणायच्या एका जुन्या सुईवर. तार कापायचेसुद्धा नाहीत. मागं-पुढं वाकवून मोडायचे. पंचक्रोशीत म्हण झाली होती, की बाबांची कॉइल आणि जावयाचा हट्ट दोन्ही लवकर मोडत नाहीत.

भरतेश मगदूम तीन वर्षं त्यांच्याकडं शिकत होता. आयटीआय पहिल्या वर्गात पास झालेला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे कधी न विसरणारा. आता त्याला घरीच कॉइली वळायच्या होत्या, बाबांची परवानगी घेऊन.

एक शंका मात्र त्याला खात होती. गावात लोक म्हणत, "म्हातारा शिकवतो सगळं, पण एक गोष्ट राखून ठेवतो."

म्हणून एका दुपारी बाबांचा डोळा लागलेला पाहून भरतेशनं ती सुई गुपचूप मोजली होती. साडेचार मिलिमीटर. शेगडीच्या खाचेच्या हिशेबानं पाच हवी. म्हणजे सुई झिजलेली! त्याला हसू आलं होतं आणि थोडी कीवही. दुसऱ्याच दिवशी त्यानं बारा सळयांची पेटी मागवली.

"बाबा, मग मी उद्यापासून घरी बसू?"

बाबांनी दाढी खाजवली.

"आज जुम्मेरात. हौसाक्काची शेगडी जळलीया. कॉइल तू वळ. मान्सं यायच्या आत चा उकळला, तर उद्यापासनं घरी."

"आणि नाही उकळला तर?"

"तर आनि एक वरीस हितं. मलाबी करमंल."

दर गुरुवारी तकियावर येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा फुकट असे. तो करायची हौसाक्का. तिचं पातेलं तयार होतं, दूध तयार होतं, आलं ठेचून झालं होतं. शेगडी तेवढी थंड होती.

"तार एकाच कॉइलीपुरती हाय," बाबा म्हणाले. "बघून कर."

भरतेशनं कॅलिपर लावला.

"खाच सहा मिलिमीटर. तार अर्धा, दोन्ही अंगांनी मिळून एक. राहिले पाच." त्यानं पेटीतून पाचची सळई काढली. "बरोबर ना?"

"गनित बरोबर हाय."

त्यानं सळई ड्रिलमध्ये धरली आणि हँडल फिरवायला लागला. काय सुंदर वळला गडी! वेढ्याला वेढा खेटून, कुठं फट नाही की चढउतार नाही. हौसाक्कासुद्धा आलं सोडून बघत राहिली. शेवटचा वेढा पडला. त्यानं कॉइल सळईवरून काढली, बेतानं ताणली आणि शेगडीच्या चिनीमातीच्या ताटलीत, नागमोडी खाचेत बसवायला घेतली.

बसेना.

इथं दाबली की तिथं वर यायची. तिथं दाबली की इथं.

"मांजराची पिल्लं टोपलीत घातल्यागत चाललंय ह्येचं," हौसाक्का म्हणाली. "बाबा, आधन आज ठिवू का पुढच्या जुम्मेराती?"

भरतेशच्या कपाळावर घाम आला. त्यानं खाच पुन्हा मोजली. सहा. सळई मोजली. पाच. तार मोजली. अर्धा.

"सगळं बरोबर आहे!"

"व्हय, बरोबर हाय."

"मग बसत का नाही?"

बाबा चिंचेकडं बघत होते...

फाटकातून चौघंजण आत आले. नमस्कार-चमत्कार करून चहाच्या आशेनं कट्ट्यावर टेकले. भरतेशला पुढचं एक वर्ष दिसायला लागलं. आईनं सरकवलेलं मशीन दिसलं, रिकामी फळी दिसली. त्यानं मनाशी ठरवलं. कॉइल आणखी ताणायची, म्हणजे बारीक होईल. लांबी उरेल ती कापून टाकायची.

त्यानं कटर उचलला.

बाबांनी हात पुढं करून कटरच्या पात्यावर आपला अंगठा ठेवला. दाबायची काय बिशाद होती भरतेशची!

"कापलीस तर चा लवकर व्हईल," बाबा म्हणाले.

"मग?"

"तार आखूड झाली की जास्त तापती. चार दिसांत जळंल. हौसाक्का मग तुज्या घराचा पत्ता इचारत येईल, आन ती काय वरडती ते तुला ठावं हाय."

"समद्या गल्लीला ऐकू जाईल," हौसाक्कानं खात्री दिली.

भरतेशनं कटर खाली ठेवला.

"ती कॉइल त्याच सळईवर परत चढव," बाबा म्हणाले.

त्यानं दाबून गोळा केली आणि चढवली. ती सळईवरून सरकन खाली घसरली.

"वळताना घट्ट हुती न्हवं?"

"नखसुद्धा शिरत नव्हतं."

"आन आता?"

"ढिली झाली... सळईवरून सुटल्यावर अंग सैल करते ती. फुगते थोडी."

"हं."

भरतेश ताडकन उठून उभा राहिला.

"बाबा! तुमची सुई झिजलेली नाही! फुगायला जागा सोडून मुद्दाम बारीक घेतलीय ती!"

"ती कशानं झिजंल? पोलादी हाय. झिजलो असंल तर मी." बाबांनी डोळे बारीक केले. "आन मी झोपलोय का न्हाई ह्ये आदी बघावं, मग मोजमाप करावं."

कट्ट्यावरची माणसं खो खो हसली. भरतेशचे कान लाल झाले, पण हसू त्यालाही आवरेना. त्यानं मखमलीच्या पेटीत पाहिलं. चारची सळई होती, पाचची होती. साडेचारची नव्हती. बाबांनी झोळीतून सुई काढून त्याच्यापुढं धरली.

त्यानं कॉइल सुईवर चढवली, एक टोक पक्कडीत धरलं आणि वेढे होते त्याच दिशेनं पीळ देत गेला. सैल वेढे सुईला बिलगले. मग त्यानं हात सोडला. कॉइल पुन्हा किंचित फुगली, पण यावेळी त्याला तिचा राग आला नाही. बेतानं ताणून त्यानं ती खाचेवर ठेवली आणि बोटानं नुसती कुरवाळत नेली. नागमोडी खाचेत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत निमूट जाऊन बसली.

टोकं आवळली. ताटली शेगडीत बसवली. बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग एक काळपट लाली आली, मग चांगली लाल. फक्त एका वळणावर ठिपका जास्तच उजळ दिसत होता.

"तितं दोन वेढे एकमेकाला चिकटल्यात," बाबा म्हणाले.

भरतेशनं बटण बंद केलं, पिन काढली, आणि चिमट्याच्या चिनीमातीच्या टोकानं ते दोन वेढे हळूच वेगळे केले. पुन्हा बटण. आता सगळी कॉइल एकसारखी लाल झाली.

"ह्यो चिमटा लईच झकास हाय," बाबा पुन्हा म्हणाले.

हौसाक्कानं पातेलं चढवलं. पाणी सळसळलं, आलं पडलं, साखर पडली, दूध वर आलं. कट्ट्यावरच्या एकानं टाळ्याच वाजवल्या. भरतेशला इतका आनंद झाला, की त्यानं हौसाक्काच्या पाया पडून घेतलं आणि मग चूक लक्षात येऊन बाबांच्या.

"माज्या कशाला पडलास रं मेल्या?" म्हणत तिनं पहिला कप भरला. पहिला कप नेहमी बाबांचा. बाबांनी तो भरतेशपुढं सरकवला.

"उद्या आईला सांग, फळीवर कापड अंथर म्हनावं. तारंचे तुकडे पायात जात्यात."

म्हणजे परवानगी मिळाली. भरतेशचे डोळे भरून आले. त्यानं पंच्यावरचा चिमटा उचलला आणि दोन्ही हातांनी बाबांपुढं धरला.

"म्या काय मागितला न्हवता," बाबा म्हणाले, आणि चिमटा झोळीत गेलासुद्धा.

"बाबा, आणि ती सुई... मला मिळेल?"

"माजी न्हाई ती. हौसाक्काची हाय."

"अगं बया!" हौसाक्का पातेल्यावरून ओरडली. "त्यो स्वेटर आठ वर्सं अर्धा पडलाय माजा! एका सुईवर कोन इनतं का? दुसरी घरात हाय, ती तू घिऊन जा पोरा. आता स्वेटर काय हुईत न्हाई."

झालं. तीन वर्षं ज्या सुईत गुपित शोधलं, तिची जुळी बहीण हौसाक्काच्या ट्रंकेत लोळत होती. भरतेश पोट धरून हसला. हसता हसता तो बाबांच्या शेजारी टेकला. जायच्या आधी ती एक शंका विचारून टाकायलाच हवी होती.

"बाबा, राग मानू नका. लोक म्हणतात, तुम्ही सगळं शिकवता, पण काहीतरी राखून ठेवता."

बाबांनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली.

"ठिवतो की."

भरतेशचा कप हवेतच थांबला. "माझ्यापासून पण ठेवलंत?"

"तुज्यापासनं तर मुद्दाम ठिवलं."

"काय?"

बाबांनी बशी तोंडाला लावली, सावकाश संपवली, मिशा पुसल्या...

"अर्धा मिलिमीटर."