गिळलेली ओळ

शालोम बाळा, झोपायच्या आधी शेमाची प्रार्थना म्हणताना शेवटची ओळ गिळलीस ना? ऐकलं हो मी. माझे कान म्हातारे झालेत, बहिरे नाही झाले. पाय घे पांघरुणात आणि ऐक.

एका मुलखात एक राजा होता. खरं बोलणं ऐकलं की त्याचे कान दुखायचे. तिथंच मिल्का नावाची एक विधवा राहायची. तिच्या अंगणात गोड्या पाण्याची विहीर होती. अख्खा गाव तिथं पाणी भरायचा. मग काय झालं? राजाला बागेत कारंजं हवंसं वाटलं. मोरांनी बघावं म्हणून, बरं का! त्यानं मिल्काची विहीर घेतली, पाणी बागेत वळवलं आणि तिला महालात शेगडीची राख काढायला ठेवलं. गावच्या बाया दोन कोस लांबून पाणी आणू लागल्या.

त्या गावात एक म्हातारा नबी होता. नबी म्हणजे देवाचा निरोप पोचवणारा. तो राजाला तोंडावर बोलला, म्हणून राजानं त्याला रिकाम्या हौदात उतरवलं. आत पाणी नाही, नुसता चिखल. नबीचा एक शिष्य होता, हनोख. दाढी पिकायला लागलेली, पण अक्षर मोत्यासारखं. तो हौदाच्या काठावर बसायचा. खालून नबी सांगायचा, वर हनोख बोरूनं चामड्याच्या गुंडाळीवर लिहायचा. शेवटी नबी म्हणाला, "आता शेवटची ओळ लिही. मिल्काची विहीर परत कर, नाहीतर तुझं कारंजं आटेल."

मग हनोख महालात गेला. थंडीचे दिवस. राजा शेगडीपाशी बसलेला. हनोख वाचू लागला. तीन ओळी झाल्या की राजा सुरीनं तेवढं चामडं कापी आणि शेगडीत टाकी. शेवटची ओळही जळाली. हनोख हौदापाशी परतला.

नबी म्हणाला, "पुन्हा लिही."

हनोखनं पुन्हा लिहिलं. पण मनात आलं, ही एक ओळ नसली तर बाकीचं तरी वाचेल. आणि, तुला खोटं कशाला सांगू, आणखीही एक आलं. राजा खूश झाला तर दरबारात जागा मिळेल. मग त्यानं शेवटची ओळ गिळली. राजानं ऐकलं, मान डोलावली आणि स्वतःची शाल त्याच्या खांद्यावर घातली.

शाल पांघरून हनोख निघाला. महालाच्या दारात मिल्का भेटली. "हनोखदादा, माझ्या विहिरीचं बोलणं काढलंत का हो?" तिनं विचारलं. हनोख नुसता खाकरला. दादाचा घसा कोरडा पडलाय असं तिला वाटलं. दोन कोसांवरून आणलेलं वाटीभर पाणी तिनं पुढं केलं. त्यानं वाटी हातात घेतली, पण ओठाला लावली नाही. लाज वाटली त्याला, फार लाज वाटली.

इतक्यात आत गलका झाला. गुंडाळीवरची अक्षरं निघाली होती! शेवटची ओळ नाही म्हटल्यावर तिच्या आधीची उठली, मग तिच्या आधीची. मुंग्यांसारखी रांगेनं सगळी गेली. चामडं कोरं झालं.

हनोख ती वाटी हातात घेऊनच हौदाकडे धावला. "बाबा, शेवटची ओळ मी गिळली. मी माझ्यासाठी मोठं काही मागत होतो," म्हणाला आणि रडला.

खालून नबी म्हणाला, "मोठं मागू नकोस रे. ऐकलंस तेवढं सगळं सांग. पुन्हा लिही."

पण शाई संपली होती. मागोमाग मिल्का आली होती, ती घरून एक मडकं घेऊन आली. पहिल्या गुंडाळीची राख तिनं त्यात जपून ठेवलेली. "देवाचा शब्द उकिरड्यावर कसा टाकू, दादा?" म्हणाली. मग राखेत डिंक घातला, ते वाटीतलं पाणी घातलं. काळीभोर शाई झाली.

तिसऱ्यांदा हनोखनं सगळं लिहिलं. महालात जाऊन शेवटची ओळ त्यानं सगळ्यांत मोठ्यानं वाचली. राजानं अख्खी गुंडाळी शेगडीत भिरकावली. आणि काय सांगू! अक्षरांतून पाणी पाझरू लागलं. मिल्काचंच ते वाटीभर पाणी, पण थांबेना. निखारे विझले, पाणी राजाच्या पायांपर्यंत आलं. तिकडं बागेतल्या कारंज्यानं एक उचकी दिली आणि ते आटलं. राजा पांढराफटक पडला. "घे बाई, तुझी विहीर तुला," म्हणाला. आणि त्याचे कान दुखायचे थांबले, बरं का.

मग नबीला वर काढायला दोर सोडला. म्हाताऱ्याच्या काखेत दोर काचेल, म्हणून हनोखनं राजाची शाल टर्रकन फाडली आणि तिच्या दोन घड्या खाली टाकल्या. "या काखेत धरा, बाबा," म्हणाला. नबी वर आला. मिल्कानं विहिरीचं पाणी शेंदलं आणि हनोखनं ते नबीच्या चिखलानं भरलेल्या हातांवर ओतलं.

दरबारात जागा हनोखला मिळाली नाही. विहिरीच्या काठावर मात्र मिळाली. तो तिथं बसून लिहायचा, गाव पाणी भरायचा, आणि सगळी सुखानं राहिली.

त्यांच्या विहिरीला पाणी राहो, तुझ्या डोळ्यांवर झोप येवो. पण शालोम, आधी ती गिळलेली ओळ म्हण. हळू म्हटलीस तरी चालेल.