साळुंकी आणि धुराचा थेंब

वीटभट्ट्यांनाही बोलता येत होतं, त्या काळातली ही गोष्ट. एका भट्टीशेजारी आंब्याचं झाड होतं आणि त्यावर लाल मुंग्यांचं घरटं. पिसांत उवा झाल्या की पाखरं तिथे पंख पसरून बसत. मुंग्या अंगातलं आम्ल फवारत, वर चार चावेही घेत, आणि उवा मरत.

पुढे भट्टीपाशी एक यंत्र येऊन बसलं.

"तेच आम्ल माझ्याकडे धुरापासून तयार होतं," ते म्हणालं. "धूर फुकट. आणि चावणं नाही."

उवांनी बेजार झालेल्या एका साळुंकीला हे फार पटलं.

"फक्त थोडी वीज लागेल," यंत्र म्हणालं. "ते चाक फिरव."

साळुंकी चाकावर चढून पंख मारत ते फिरवू लागली. दुपारी तिनं विचारलं, "झालं का रे?"

"धूर मुबलक आहे. वीज कमी पडतेय."

फांदीवरून म्हातारी मुंगी म्हणाली, "साळुंकीबाई, आमचे चार चावे काय वाईट होते?"

"तुम्हाला नव्याचं वावडंच," साळुंकी धापा टाकत म्हणाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नळीतून एक थेंब उतरला. अगदी शुद्ध. साळुंकीनं पंख पसरले. चाकावर मारून मारून त्यांवर एकही पीस उरलं नव्हतं, आणि पिसांबरोबर उवाही गेल्या होत्या.

"आता हा लावू कुठे?" तिनं विचारलं.

यंत्रानं थोडा विचार केला.

"ते तू बघ," ते म्हणालं. "धुराचे पैसे मात्र मी काही घेतले नाहीत."