येसूनं विणलेला साकव

फार जुनी गोष्ट. नदी हीच, माणसंही असलीच. तेव्हा ऐका, जांभया मागाहून द्या.

आमच्या कोंडावर, म्हणजे ह्याच वाडीत, येसू बुरडीण होती. सुपं-टोपल्या विणायची. तोंड असं, की खोतसुद्धा तिला बघून वाट बदलायचा, असं म्हणतात.

गावाची सुईण राहायची नदीपल्याड. पावसाआधी बाप्ये नदीवर ओंडके टाकायचे, दगडांना करकचून बांधायचे, की झाला साकव. पहिल्याच पुरात तो वाहून जायचा. मग अडलेली बाई इकडं नि सुईण तिकडं. बाई मेली की खोत म्हणायचा, देवाची मर्जी. नदीला नारळ द्यायचे, नि वर्षभर विसरायचे. दरसाल हेच!

येसूची लेक पारू पहिलटकरीण. दिवस भरायचे ऐन श्रावणात. येसूला घास गोड लागेना. एकदा टोपली धुताना ती बघत राहिली. धारेत टोपली वाकते, पाणी भोकांतून निघून जातं, नि टोपली शाबूत. मग साकवच विणला तर?

देवळात तिनं हे सांगितलं, तर खोत म्हणाला, "त्यापेक्षा सुपात बसून जा की पलीकडं." सगळे खिदळले.

येसू म्हणाली, "खोतबाबा, देवाच्या नावावर अजून किती बाळंतिणी खपवणार?"

हसू थांबलं, पण मदतीला एक बाप्या उठेल तर शपथ.

तिनं परसातल्या चरावर हातभर साकव विणला. कोंबडी गेली. शेळी मात्र चरात पडली, नि पुन्हा गावाला हसायला मिळालं. येसूनं सगळं उसवलं, दुहेरी वीण घातली. शेळी गेली. मग ती स्वतः त्यावर नाचली. ते बघून बायका लाकडाच्या निमित्तानं रानात जाऊन बांबू आणू लागल्या, नि येसूसंगं नदीवर साकव विणू लागल्या. घरोघरी चुली थंड, बाप्ये उपाशी. बरं झालं!

श्रावणात पूर आला तो काठच्या झुडपांच्या शेंड्यांना लागला. दोन काठांवरच्या उंच आंब्यांना बांधलेला साकव पाळण्यासारखा झुलला, पण तुटला नाही. पारूला कळा लागल्या, नि सुईण साकवावरून चालत आली. तिच्या पावलागणिक नदी खाली वाकत होती, असं म्हणतात. पारू सुटली, मुलगी झाली.

नि खोत? पाहुण्यांना सांगत सुटला, साकव आम्ही बांधला. आम्ही म्हणे!

आता सिमेंटचा पूल आहे. तरी पावसाआधी बायका नदीवर बांबूचा साकव विणतात, बाप्ये रांधतात. पोटुशी बाई पहिली पलीकडं जाते. तोवर खोताच्या घरचा थोरला कमरेएवढ्या पाण्यात उभा. बायका विचारतात, "कुणी विणला?" त्यानं म्हणायचं, "येसूनं." आवाज बारीक आला, की आम्ही म्हणतो, ऐकू नाही आलं, परत सांग.