रेघेबाहेरचं लाकूड

शुद्धलेखन चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या. अवजारं माणसांशी बोलायची, तेव्हाची ही गोष्ट.

वास्तुविशारद केळसकर पन्नाशीत संगणकावर आराखडे काढून लेझर मशीनने लाकूड कापायला शिकत होते. शाळेच्या छपराचा नमुना परवा गावाला दाखवायचा होता. तो उभा राहिला नाही तर काम जाणार होतं, आणि सांधे ढिले पडून छप्पर सारखं खाली बसत होतं.

“मी अगदी रेघेवरच कापलंय, साहेब,” मशीन म्हणालं.

“तिथंच चुकलास, बाळा,” खुंटीवरची करवत म्हणाली. “कापताना आपण थोडं लाकूड खातो. मी भुसा पाडते, तू जाळतोस. म्हणून रेघेच्या बाहेरून कापायचं असतं.”

केळसकर गोंधळले. “मग तीस वर्षं माझे सांधे कसे जुळले?”

“तुमच्या आराखड्यांवरून लाकूड कापणारे सुतार, रावजी मिस्त्री, रेघेच्या बाहेरून कापायचे. तुम्हाला कधी बोलले नाहीत, एवढंच.”

केळसकर पुन्हा संगणकासमोर बसले. मग त्यांनी संगणकावरची प्रत्येक रेघ केसभर बाहेर सरकवली. या वेळी सांधे घट्ट बसले, छप्पर उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नमुना घेऊन आधी रावजी मिस्त्रींच्या दारात गेले.